ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहा : इंजिनमध्ये पाणी कुठून शिरतं?



आजचा पाठ पुस्तकातला नाही, माझ्या गाडीच्या बॉनेटखालचा आहे. पण तेल, पाणी, उष्णता, दाब हे आपले वर्गातले नेहमीचे सगळे घटक त्यात आहेत, म्हणून इथे लिहितोय. घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल, नसेल तर विज्ञानाच्या तासाला पडेल.

मी जळगावचा, सासुरवाडी धुळ्याची. मधलं अंतर पाळधी, एरंडोल, पारोळा करत साधारण ९० किलोमीटर. गाडी जुनी, डिझेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत पतपेढीचं कर्ज काढून तिच्या इंजिनचं पूर्ण काम करून घेतलं. लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेड पॅकिंग सगळं नवं. जेमतेम ७०० किलोमीटर झाले असतील. पारोळ्याला चहाला थांबलो, गाडी थोडी निवू दिली आणि सहज ऑइलची पट्टी ओढून पाहिली. काळपट ऑइलऐवजी पट्टीवर दुधाचा चहा! फेसाळ, तपकिरी-पांढरा. शिवाय पातळी वरच्या खुणेच्याही वर.

ऑइल आपोआप वाढत नसतं. वाढलंय म्हणजे त्यात काहीतरी मिसळलंय. कूलंटची बाटली पाहिली तर ती कमी झालेली.

ओळखीच्या एका मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "सर, आते गाडी चालू करू नका. टोचन करून आणा." ते बरोबरच होतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो, त्यावर सगळा भार तोललेला असतो. पाणी मिसळलं की तो थर टिकत नाही, धातूवर धातू घासतो आणि नवं बेअरिंग काही तासांत खराब होऊ शकतं.

आता मुलांचा प्रश्न : तेल तर पाण्यावर तरंगतं, मग मिसळलं कसं? बाटलीत पाणी आणि गोडेतेल घालून हलवा, थोड्या वेळात दोन थर वेगळे होतात. आता त्यात साबणाचे चार थेंब टाकून परत हलवा. पांढरट मिश्रण होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. इंजिन ऑइलमध्ये मळ धरून ठेवण्यासाठी साबणासारखे काम करणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे मारत रवीसारखा ते घुसळतो. तीच ही लस्सी.

पण पांढरं दिसलं की लगेच इंजिन उघडायचं नाही. दोन निरुपद्रवी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवली तर हवेतली वाफ ऑइल भरायच्या झाकणाखाली जमते आणि तिथेच साय धरते, पट्टी मात्र स्वच्छ असते. दुसरं कारण नव्याने बांधलेल्या इंजिनाचं. ब्लॉक धुताना आतल्या वाटांत पाणी राहिलं तर पहिलं ऑइल पांढरं होऊ शकतं. ते बदलल्यावर पुन्हा होत नाही. माझ्याकडे मे महिना, खान्देशचं ऊन आणि ७०० किलोमीटरची गरम धाव. राहिलेलं पाणी केव्हाच वाफ होऊन गेलं असतं.

गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी मिस्त्रींनी ऑइल चेंबरचा खालचा बोल्ट थोडासाच सैल केला. घुसळलं न गेलेलं पाणी जड असल्याने तळाशी बसतं, तेच आधी येतं. आलं ते हिरवट होतं, कूलंटच्या रंगाचं. शंका संपली.

(पालकांसाठी इथेच सांगतो. कूलंटमधला एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतो आणि विषारी असतो. उरलेलं कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. सांडलेलं लगेच धुऊन टाका, कुत्री-मांजरं चाटतात. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या वरही पाणी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि ते एकदम उसळतं.)

मग खरा प्रश्न, कुठून? मला पहिला संशय हेड पॅकिंगचा आला, आणि बहुतेकांना तोच येतो. त्याला कारणही आहे. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अनेक गाड्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ४० सेंटीमीटरचं हेड ८० अंशांनी तापलं तर दोघांच्या पसरण्यात सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे वहीची चार-पाच पानं. हा रोजचा ताण ते पातळ पॅकिंग सोसतं. त्यात गाडी एकदा जास्त गरम झाली तर हेड वाकतं. म्हणून बांधणीच्या वेळी सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड सपाट आहे का ते तपासतात, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं असेल तर पाना सांगतो "घट्ट झालं", आणि प्रत्यक्षात हेड नीट दाबलं गेलेलंच नसतं.

मी काय केलं, इंजिन बांधणाऱ्याला फोन करून नको ते बोललो. "पॅकिंग नीट बसवलं नाही तुम्ही." त्याने ऐकून घेतलं.

इकडे मिस्त्री शांतपणे एकेक तपासत होते. ऑइल चहासारखं दिसायला लागल्यावर धुरात पांढरेपणा वाढला होता का? नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, सारखं आलं. मग त्यांनी एका नळीतला निळा द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरला. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो पिवळा-हिरवट होतो. आपण चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करून दाखवतो, तोच प्रकार. निळा निळाच राहिला. म्हणजे सिलिंडर आणि पाणी यांच्यातली भिंत बहुधा शाबूत.

नंतर त्यांनी कूलंटच्या बाटलीत बोट घालून बाहेर काढलं. बोटाला तपकिरी साय. "पाणी ऑइलात गेलंय, तसं ऑइलही पाण्यात गेलंय," ते म्हणाले. सगळ्या तपासात मला हा भाग सगळ्यात आवडला. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून भोक असेल तर ऑइल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्य, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो. आता प्रवाह उलटा, पाणी ऑइलात. म्हणजे माझी गाडी उभी असताना जास्त बिघडत होती!

यावरून लायनरच्या खालच्या रबरी रिंगाही सुटल्या. त्या गळाल्या तर पाणी सरळ चेंबरमध्ये पडतं, पण तिथे दाबाखालचं ऑइल नसतं, मग पाण्यात ऑइल कसं येणार? उरल्या तीन जागा : हेड पॅकिंगमधली ऑइलची वाट, हेड-ब्लॉकमधली चीर आणि ऑइल कूलर. कूलर म्हणजे एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने पाणी, मध्ये पातळ पत्रा. तिन्हींत उघडायला सोपा तोच, म्हणून आधी तो.

कूलर सोडवला, धुतला, ऑइलचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा दिली आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसाच. पाण्याच्या बाजूने बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

हा कूलर जुनाच होता. इंजिनचं काम चालू असताना गॅरेजवाल्याने "हाही बदलून घ्या" म्हटलं होतं, आणि पैसे वाचवायला मीच "राहू द्या" म्हणालो होतो. आधीची कित्येक वर्षं त्यात कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी फिरत होतं. त्याने पत्रा आतून खाल्ला असावा, असा मिस्त्रींचा अंदाज. संध्याकाळी परत फोन केला, यावेळी माफी मागायला. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, कूलर कुठल्या नंबरचा लागतो ते आधी पाहून घ्या."

नवा कूलर बसला. कूलंटच्या वाटा धुतल्या, ऑइलने फुगलेले रबरी होज बदलले. ऑइल आणि फिल्टर बदलून थोडी गाडी चालवली, परत बदललं, आणि तिसऱ्यांदा पट्टी स्वच्छ आली. दोन बेअरिंग उघडून पाहिली, वाचली होती.

जुना कूलर साबणाने स्वच्छ धुऊन शाळेत आणलाय. एका तोंडाला रबरी बूच, दुसऱ्याला सायकलचा पंप. चौथीच्या मुलांना कारण न सांगता बादली दिली आणि भोक शोधायला सांगितलं. चार मिनिटं लागली.