दोष चेनचा नाही, चक्राचा!

पॅडल फिरवताना चेन एका जागी ताठ होते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबते. दुकानात निदान तयारच असतं: ‘चेन एका जागी ताणली गेलीय, कडी काढू.’ कडी निघते, पैसे जातात आणि चेन पुन्हा तशीच ताठ-सैल होत राहते. होणारच. मूळ दोषाला कोणी हातच लावलेला नसतो.

पायाच्या जोरानं पोलादी पट्ट्या लांबत नाहीत. झिजतात त्या पिना आणि ज्यात त्या फिरतात ते बुश. सांध्यात धूळ-चिखल शिरला की बारीकशी फट पडते आणि शंभरेक सांध्यांच्या फटी मिळून चेन ‘वाढते’. सगळे सांधे त्याच चिखलातून आणि त्याच दातांवरून जातात. मग एकच तुकडा ताणला कसा जाईल? झीज असमान दिसते ती एकाआड एक कडीत: आतल्या कडीच्या दोन रोलरांमधलं अंतर जवळपास तसंच राहतं, बाहेरच्या कडीचं वाढतं.

दोष कुठे आहे, हे साध्या मोजणीनं कळतं. समजा, पुढच्या चक्राला ४४ दात, फ्रीव्हीलला १८ आणि चेनमध्ये ११० सांधे आहेत. एका कडीला खडूची खूण करून पॅडल सावकाश फिरवावं. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला ताठपणा आला, तर पुढचं चक्र मध्यावर बसलेलं नाही किंवा वाकलेलं आहे. फेऱ्यात जवळपास अडीचदा आला, तर संशय फ्रीव्हीलवर घ्यावा. अडीच फेऱ्यांतून एकदा, खुणेची कडी त्याच जागी परतल्यावर आला, तरच तो चेनचा दोष.

चक्र बोल्टांनी बसवलेलं असेल, तर उपाय फुकटात होतो. बोल्ट किंचित सैल करायचे, चक्र हलके ठोकून मध्यावर आणायचं, बोल्ट पुन्हा आवळायचे. सायकलदुरुस्तीवर विपुल लिहिणारे अमेरिकी मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनीही हीच रीत सांगितली आहे. चेनचा ताण मात्र सर्वांत ताठ जागी पाहून ठरवायचा, तिथेही ती थोडी हललीच पाहिजे. सैल जागी पाहून चाक मागे ओढलं, की ताठ जागी बेअरिंगवर नाहक भार येतो.

आणि ती कडी! आतली-बाहेरची जोडी काढली की चेन एक इंच आखूड होते, पण उरलेल्या सांध्यांमधल्या फटी तशाच राहतात. झीज बघायची तर फुटपट्टी घ्यावी. नव्या चेनमध्ये २४ सांधे बरोबर १२ इंचांत, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरमध्ये बसतात. १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदलावी. १/८ इंचापर्यंत थांबलं, तर बहुधा दातेही बदलावे लागतात.

चेन उलटी बसवल्यानं झिजलेली पिन भरून येत नाही. बाहेरून थापलेलं जादा तेल धूळ धरतं, सांध्यात मुरलेलं तेवढंच कामाचं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली, तर जोर लावताच ती दात सोडते.

खरोखर असमान चेन बहुतेकदा दुकानातच तयार होते: तुटलेल्या नव्या चेनला जुन्या चेनचा तुकडा जोडून. म्हणून पट्टी तीन-चार ठिकाणी लावावी. एका जागी ३०५ आणि दुसऱ्या जागी ३०७ मिलिमीटर भरले, तर ती चेन बदलायलाच हवी.