सुट्टी कोणाची?



वसंतातल्या या व्याख्यानांत आत्मा, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. माझा विषय वयाने अवघा दोन वर्षांचा आहे. नवराबायको दोघेही नोकरी करतात, घरात नुकते दुडुदुडु धावू लागलेले मूल आहे, आणि आठवड्याची सुट्टी उजाडली आहे. त्या दिवशी त्या घरात काय घडते आणि ते तसे का घडते, एवढेच मला उलगडून सांगायचे आहे. विषय घरगुती वाटेल. पण पगार, पाळी आणि ओव्हरटाइम यांच्या हिशेबात ज्याचे आयुष्य गेले त्याला एक गोष्ट ठाऊक असते. फाटकावर झालेल्या कराराचा खरा निकाल घरातच लागतो.

आधी ही सुट्टी आली कोठून ते पाहू. हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या सुट्टीबद्दल त्यात अक्षर नव्हते. म्हणजे आपल्याकडे कारखान्याच्या कायद्यातली पहिली सुट्टी मुलाच्या नावे निघाली. पण ते मूल गिरणीत राबणारे होते. घरी आईबापांची वाट पाहणाऱ्या मुलाचा विचार कोणी केलेला नव्हता.

मोठ्यांची सुट्टी मिळवली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा हा माणूस, ‘दीनबंधू’ पत्राचा संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाल्यास भरपाई, या बाकीच्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती कायद्यात आली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ साली साप्ताहिक विश्रांतीचा ठराव केला, तो हिंदुस्थानने १९२३ मध्ये स्वीकारला. पुढे १९४८ चा कारखाना कायदा आला. आता त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम नाही, हे तत्त्व मात्र टिकून आहे.

येथवर सारे ठीक. आता एक बारीक कलम पाहा. १९४८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात सुट्टीचा वार रविवार सांगितला होता. पण त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देऊन मालकाला रविवारी काम घेता येत असे. शिवाय विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार नेमून दिले गेले. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यातला कामगार गुरुवारी घरी असतो तो यामुळे. व्यवस्था अवाजवी नव्हती. यंत्राला वीज हवी, कामगाराला सुट्टी हवी, दोन्ही साधले. पण कामगाराला बायको असते, तीही नोकरी करते, आणि दोघांना मिळून एक मूल असते, हे या हिशेबात कोठेच धरलेले नाही. कायद्याला कामगार दिसतो तो एकटा, हजेरीपटावरच्या एका ओळीसारखा.

एक उदाहरण घेऊ. बाप भोसरीच्या कारखान्यात, सुट्टी गुरुवारी. आई शहरातल्या कचेरीत, सुट्टी रविवारी. मूल वर्षाचे झाले तेव्हापासून तीन वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षे जातात, म्हणजे सुट्टीचे एकशे चार वार. कागदावर दोघांनाही पूर्ण सुट्टी मिळाली, कायदा कोठेही मोडला नाही. पण आई आणि बाप दोघेही दिवसभर घरात आहेत, असे दिवस त्या मुलाला किती मिळाले? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि दोघांना जुळून आलेले चार-दोन सण. वर्षाला सात-आठ धरा. एकशे चारांऐवजी पंधरा-सोळा! शेजारच्या बिऱ्हाडात केंद्र सरकारचा नोकर असेल तर त्याला १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. त्यांना तो मिळाला याचा हेवा करण्याचे कारण नाही. पण एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन मुलांच्या वाट्याला आईबाप किती कमीअधिक येतात, ते यावरून कळावे.

आता सुट्टीच्या दिवसाच्या आत शिरू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, अकरा ते चौदा तास झोप हवी. दिवसभरात निदान तीन तास हालचाल हवी. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त वेळ त्याला गाडीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नये. वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन वर्षांच्या मुलालाही तासाहून अधिक नको.

तेरा तास झोप धरली तर जागेपणाचे अकरा तास उरतात. हे अकरा तास कोणीतरी डोळ्यांत तेल घालून त्याच्यामागे असले पाहिजे. मूल स्टोव्हकडे जाते, बादलीत वाकते, सापडेल ते तोंडात घालते. ही चक्क अकरा तासांची पाळी झाली. १९४८ च्या कायद्याने कारखान्यात दिवसाला नऊ तासांवर काम घेता येत नव्हते आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा द्यावा लागे. जादा तासांना दुप्पट दर. घरातल्या या पाळीला विसावा नाही, दुप्पट दर नाही, आणि रात्री मूल उठले तर बदली कामगारही नाही.

ही पाळी करतो कोण? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत याचे उत्तर आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल पंधरा ते एकोणसाठ वयाच्या १०० पैकी ४१ बायका करतात, त्यांना १४० मिनिटे लागतात. पुरुषांपैकी एकवीस-बावीस करतात, त्यांची मिनिटे ७४. सुट्टीच्या दिवशी यात भरच पडते. आठवड्याचे धुणे, दळण, भाजी आणि ‘आज घरी आहोत तर काहीतरी चांगले कर’ अशी फर्माईश. तेव्हा बापाची सुट्टी ती विश्रांती आणि आईची सुट्टी ती कामाची जागा बदलणे, असा या घरचा व्यवहार आहे.

संध्याकाळी बाप म्हणतो, “मी मदत करतो की!” या ‘मदत’ शब्दाकडे जरा बघा. कारखान्यात मदतनीस निराळा आणि चार्ज घेणारा निराळा. मदतनीस विचारतो, पाना कोठे आहे? चार्ज घेणाऱ्याला पाना कोठे आहे, तेल केव्हा घालायचे, कोणता आवाज बिघाडाचा, हे सारे माहीत असावे लागते. मुलाचा डबा कोठे, त्याची झोपेची वेळ कोणती, हे बायकोला विचारत राहणारा बाप मदतनीसच राहतो आणि बायकोचे डोके कामातून सुटत नाही. उपाय साधा आहे: पाळी लावा. सुट्टीच्या सकाळी सहा ते साडेदहा मूल संपूर्ण बापाच्या चार्जात. भरवणे, शीशू, आंघोळ, रडणे, सारे त्याचे. त्या वेळेत आईने झोपावे, वाचावे, काही करू नये. दुपारी अदलाबदल. घरात आजी असेल तर तिलाही हजेरीपटावर घ्या. तिलाही सुट्टी हवी, ती काही कायमची बदली कामगार नव्हे.

फिरायला जाण्याचेही एक शास्त्र आहे. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सारसबागेत आणि पेशवे उद्यानात नेतात. १९५६ साली तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली. बहुतेक घरांतून निघता निघता अकरा वाजतात. मग बस, गर्दी, रांग, आणि मुलाच्या झोपेची वेळ नेमकी रांगेत येते. मूल किंचाळते, बाप चिडतो, आई दोघांना समजावते, आणि ‘एवढा खर्च करून आणले तरी हे रडतेच’ असा निवाडा होतो. यात हट्ट नाही. झोप, भूक आणि ऊन या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की मोठे माणूसही भांडते. मुलाकडे सांगायला शब्द नाहीत, म्हणून ते रडते. तेव्हा सकाळी लवकर निघावे, एकच ठिकाण धरावे, पाणी व घरचे खाणे बरोबर घ्यावे, आणि दुपारच्या झोपेआधी परतावे. गाडीपेक्षा गाडीजवळचा खडा त्याला अधिक आवडला, तर तो अर्धा तास खड्यापाशीच घालवावा. सहल त्याची आहे.

सुट्ट्या जोडून आल्या की गावी जाण्याची ओढ लागते, आणि ती योग्यच आहे; आजीआजोबांना नातवंड दिसले पाहिजे. पण रात्रभर एसटीत मांडीवर मूल, दुसऱ्या दिवशी परत तीच रात्र, आणि सोमवारी सकाळी पंचिंग! अशा प्रवासातून माणूस कामावर थकून येतो आणि थकलेला हातच यंत्रात सापडतो. यासाठी भरपगारी रजा आहे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हे तिचे जुने माप. पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेने ते १८० केले आहेत. ही रजा साठवून विकण्याची आपल्याकडे सवय आहे. पैशाची नड मी जाणतो. तरी मूल दोन वर्षांचे आहे तोवर त्यातले दोन दिवस जोडसुट्टीला लावावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता पडद्याविषयी. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी बाया पूर्वी लेकरांना अफूची गोळी देऊन निजवीत. त्या काळच्या डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवले आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळणाघर नव्हते, पाळी चुकली तर रोज बुडे, म्हणून गोळी. आज दमलेले आईबाप मुलाच्या हाती मोबाइल देतात. मोबाइल म्हणजे अफू असे मी म्हणत नाही. पण कारण तेच आहे, मुलाला सांभाळायला जागा माणूस उरलेला नाही. आईबापांना नुसती दूषणे देऊन हे सुटणार नाही. जुन्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती ठरे ती बायकांच्या संख्येवर. १९७६ नंतर हा आकडा तीस होता. आकडा तिसाच्या आत ठेवण्याचा मोह मालकाला होई. २०१७ च्या मातृत्व-लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. या मोजणीत पुरुषही आले. मूल दोघांचे आहे, हे कायद्याने निदान गणतीपुरते मान्य केले.

म्हणून युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात चार कलमे घालावीत, असे मी सुचवतो. लहान मूल असलेल्या नोकरदार जोडप्याला मागणी केल्यास एकच साप्ताहिक वार मिळावा. पाळीबदलाची सूचना निदान आठवडाभर आधी मिळावी. बुडालेल्या सुट्टीची भरपाई कोणत्या दिवशी, ते आधीच ठरावे. आणि पाळणाघर नुसते कागदावर न राहता त्याला दाई, दूध आणि स्वच्छ पाणी असावे. मालकाला यांपैकी कशानेही दिवाळे निघण्याचे भय नाही. पहिल्या कलमाला तर पैसाही लागत नाही, फक्त हजेरीपट जुळवण्याची तसदी लागते.

शेवटी आपल्याच घराकडे पाहू. आपला रविवार सुखाचा जावा म्हणून धुणेभांडी करणारी बाई त्या दिवशीही येते. तिच्या सुट्टीचा निर्णय अजून घरच्या मालकिणीच्या मनावर असतो, आणि तिच्याही खोलीत दोन वर्षांचे मूल असते. युनियनचा माणूस स्वतःच्या घरी मालक असतो, हे त्याच्या लक्षात राहत नाही. या आठवड्यापासून तिला एक वार भरपगारी सुट्टी द्या, आणि तो कोणता हवा ते तिलाच विचारा. बहुधा ती तिच्या नवऱ्याच्या सुट्टीचा वार सांगेल.