पेढीचा कागद आणि नवा प्रिंटर

व्यापार विश्वासावर चालतो असे आपण म्हणतो. परंतु तो विश्वास हिशेबाच्या दिवशी कागदावरच दाखवावा लागतो. सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रियेची, म्हणजे खोटा लेख करण्याची, गणना आहे. वही हाताने लिहिली जात होती तोवर या अतिचाराचा विचार लेखणी धरणाऱ्या माणसापुरता होता. आता बिल, चलन, खातेउतारा ही सारी यंत्रातून निघतात. मनात कपट नसतानाही, केवळ यंत्राची मांडणी चुकल्याने, एकाच मालाची दोन ‘मूळ’ बिले निघू शकतात किंवा एखादे निघायचेच राहू शकते. म्हणून जुने प्रिंटर काढून नवे बसविण्याचे काम सर्वस्वी यंत्रविक्रेत्यावर सोपवावे असे नाही, असे आम्हांस वाटते.

येथे आम्ही मुख्यतः आयबीएम कंपनीच्या मध्यम आकाराच्या व्यापारी संगणकांविषयी लिहीत आहोत. १९७७ साली सिस्टिम/३४, १९७८ साली सिस्टिम/३८, १९८३ साली सिस्टिम/३६ आणि जून १९८८ मध्ये एएस/४०० अशी ही परंपरा आहे. या कंपनीने १९७८ साली भारतातील कारभार आवरला होता. १९९२ साली ती टाटांच्या भागीदारीत परत आली. एएस/४०० ची कार्यप्रणाली आज पॉवर संगणकांवर ‘आयबीएम आय’ या नावाने चालते. आपल्या अनेक सभासदांच्या पेढीवर असे यंत्र नसेल. पण ज्या कारखान्याचा वा वितरकाचा माल आपण घेतो, त्याचे बिल अशा यंत्रातून आलेले असू शकते.

या संगणकांना जुने प्रिंटर ज्या केबलने जोडलेले असत, तिला ट्विनॅक्स म्हणतात. एका वेष्टनात दोन तारा, एका ओळीवर जास्तीत जास्त सात यंत्रे आणि ओळीची लांबी ५,००० फुटांपर्यंत, अशी तिची मर्यादा. एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती साखळी जाई. मधली कडी निसटली की पुढची यंत्रे मुकी होत. तथापि या जोडणीत एक मोठा गुण होता. प्रिंटर आणि संगणक यांचे संभाषण अखंड चाले. कागद संपला किंवा अडकला, तर संगणकाला तत्काळ कळे आणि नेमक्या कोणत्या पानापासून पुन्हा सुरुवात करावयाची, हे कारकुनाला ठरविता येई.

मग बदल कशासाठी? जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे दोन्ही दुर्मिळ होत चालली, हे एक कारण. दुसरे कारण अधिक निर्णायक आहे. ट्विनॅक्स ज्या कार्डावर लावावयाची, त्या कार्डाला एका सहायक प्रोसेसरची गरज असे. २०१० साली आलेल्या पॉवर-७ यंत्रांपासून त्या प्रोसेसरला स्थान राहिले नाही. तेव्हा संगणक नवा घेतला की जुना प्रिंटर थेट जोडता येत नाही. मध्ये रूपांतर करणारी पेटी घालून काही काळ निभावता येते. पण तो निभावच होय.

नवा प्रिंटर कचेरीतील इतर संगणकांच्याच नेटवर्कवर बसतो. मात्र दोघांची भाषा वेगळी. एएस/४०० अक्षरांसाठी एबसिडिक नावाची संकेतपद्धती वापरतो. बाजारातील बहुतेक लेसर प्रिंटरांना आस्की आणि पीसीएल कळते. मोडीतील दस्त बाळबोधीत उतरवून देणारा जाणकार पूर्वी लागे, तद्वत येथे ‘होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म’ हा संगणकातलाच भाग ते काम करतो. प्रिंटरची जात त्याला अचूक सांगितली नाही, तर पानावर निरर्थक चिन्हे उमटतात.

कागदाचे मापही बदलते. जुना रुंद कागद १३२ अक्षरांच्या ओळीचा. इंचाला दहा अक्षरे धरली तर ओळ १३.२ इंच होते, आणि ए-४ कागदाची लांबीच सुमारे ११.७ इंच! म्हणून पान आडवे करून अक्षर बारीक करावे लागते. ही सोय संगणकात आहे. पण उजवीकडील शेवटचा रकाना, जेथे बहुधा शिल्लक असते, तो कापला जात नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आता मुख्य मुद्दा. नेटवर्कवर छपाई पाठविण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिली एलपीआर, तिचे वर्णन १९९० साली आरएफसी ११७९ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. ही पद्धत मजकूर प्रिंटरच्या हवाली करते आणि काम झाले असे समजते. हुंडी टपालपेटीत टाकून रक्कम पावली असे मानण्यासारखेच ते आहे. पुढे कागद अडकला तरी संगणकाच्या रांगेतून ते बिल नाहीसे झालेले असते. दुसरी पद्धत पीजेएलची. तीत प्रिंटर काम पुरे झाल्याची उलट खबर देतो. अर्थात प्रिंटर ती भाषा जाणणारा असला पाहिजे. आमच्या मते बिले आणि धनादेश यांच्यासाठी ही दुसरीच पद्धत योग्य. शिवाय छापून झालेला मजकूर रांगेत राखून ठेवण्याची जी सोय असते, ती निदान दिवसाचा मेळ लागेपर्यंत चालू ठेवावी.

प्रतींचा प्रश्न याहून नाजूक आहे. ठोक्याच्या प्रिंटरवर कार्बन घातला की एकाच ठोक्यात तिन्ही प्रती उमटत. एक प्रत दुसरीची आपोआप साक्षीदार होई. लेसर प्रिंटर तीन प्रती तीनदा छापतो, आणि चौथी काढावयासही कोणी अडवीत नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा कर नियमांप्रमाणे मालाच्या साध्या बिलाच्या तीन प्रती ग्राहक, वाहतूकदार आणि विक्रेता यांच्यासाठी वेगवेगळ्या शिक्क्याच्या लागतात. तेव्हा प्रत्येक प्रतीवर तिचे नाव प्रोग्रामनेच घालावे आणि पुन्हा काढलेल्या बिलावर ‘पुनर्मुद्रित’ असे आपोआप यावे. ज्यांना कार्बन सोडवत नाही त्यांच्यासाठी नेटवर्कला जोडता येणारे ठोक्याचे प्रिंटरही मिळतात. ई-बिलाला तीन प्रतींचा हा नियम लागू नाही; पण त्यावर क्यूआर संकेत छापावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या, नियमात बसणाऱ्या पेढ्यांस ते बंधनकारक झाले. केवळ अक्षरे पाठविणाऱ्या जुन्या रीतीने असे चित्र उमटत नाही. त्यासाठी प्रोग्रामातच फेरफार करावा लागतो.

एक सावधगिरी आणखी. ट्विनॅक्सच्या साखळीत परका शिरू शकत नसे. नेटवर्कवरचा प्रिंटर मात्र दार उघडे टाकलेल्या दुकानासारखा असू शकतो. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस एका अज्ञात इसमाने इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे ५०,००० प्रिंटर गाठून एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापल्याचा दावा केला होता. म्हणून प्रिंटरला परवलीचा शब्द घालावा आणि तो बाहेरून दिसू देऊ नये. पगारपत्रकांसाठी प्रिंटर वेगळा ठेवावा, हे उत्तम.

बदल करू इच्छिणाऱ्या पेढीने प्रथम आपल्या सर्व छापील नमुन्यांची यादी करावी: कोणता कागद, किती प्रती, कोणाच्या हाती. नव्या प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा, मात्र संगणकातील नाव जुनेच राखावे, म्हणजे त्या नावाने छपाई पाठविणारे प्रोग्राम बदलावे लागत नाहीत. निदान एक महिनाअखेर जुन्या व नव्या अशा दोन्ही यंत्रांवर काढून कागदावर कागद ठेवून पडताळावा. छपाई चालू असताना कागदाचा ट्रे मुद्दाम ओढून पाहावा. राहिलेली पाने पुढे येतात, दुबार येतात की हरवतात, हे त्या एका प्रयोगाने कळते.

वीरनिर्वाणाच्या दिवशी आपण वहीपूजन करतो. ज्या घरांत वहीच्या जागी आता संगणक आला आहे, तेथे त्या दिवशी वर्षभराच्या बिलांचे क्रमांक एकदा ओळीने तपासावे. मधला एकही क्रमांक गहाळ नाही आणि एकही दुबार नाही, अशी खात्री करून मग नव्या वर्षाचे पहिले बिल छापावे, अशी सर्व सभासद बंधु-भगिनींस आमची विनंती आहे.