ठिपक्यांतून वाचन

नाशिकच्या स्थानकात भर पावसात एस. टी. शिरते. पाटी पुसट दिसते, तरी नेहमीचा प्रवासी लांबूनच 'त्र्यंबकेश्वर' हे नाव ओळखतो. 'त्र्यं'ची वळणे त्याला नीट दिसलेली नसतात. शब्दाची लांबी आणि एकूण आकार यांवरून उरलेले त्याचा मेंदू भरून काढतो. कृत्रिम दृष्टीची भिस्त मेंदूच्या याच सवयीवर आहे.

काही रोगांत दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी नष्ट होतात, पण त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या मज्जापेशी बऱ्याच शाबूत राहतात. तेथे बारीक चकती बसवून विजेचे सूक्ष्म स्पंद दिले, की रुग्णाला प्रकाशाचे ठिपके दिसतात. निरोगी डोळ्यात प्रकाशपेशी दहा कोटींहून अधिक असतात. चकतीवरचे ठिपके मात्र त्या मानाने अगदीच थोडे. एवढ्यावर वाचता येईल का?

जिनिव्हातील संशोधकांनी हे डोळस माणसांवरच तपासले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चार अक्षरी शब्द संगणकावर सुमारे ३०० ठिपक्यांत दाखवले होते. नजरेच्या मध्यभागी ते जवळजवळ बिनचूक वाचता आले. मध्यापासून १५ अंश बाजूला दाखवताच मात्र वाचन कोलमडले. नजर वळवून पळवाट काढता येऊ नये, म्हणून डोळ्याबरोबर चित्रही सरकत असे. दोघांनी रोज सराव केला. आरंभी शंभरातले पंचवीस शब्दही त्यांना ओळखता येत नव्हते; पुढे निम्म्याहून बरेच अधिक येऊ लागले. ठिपके तेवढेच होते, डोळेही तेच होते. बदलला तो मेंदू.

प्रत्यक्ष रुग्णांचा अनुभवही असाच आहे. २०२५ मध्ये युरोपातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या रुग्णांना 'प्रिमा' ही २ मिलिमीटर चौरस, ३७८ ठिपक्यांची चकती बसवली होती. वर्षानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची पूर्वीपेक्षा बरीच बारीक अक्षरे वाचता आली. त्यामागे कित्येक महिन्यांचा सराव होता.

रोमन अक्षर ५ × ७, म्हणजे ३५ ठिपक्यांत बसते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. म्हणून आडव्या ओळी अधिक लागतात. किती, हे वर्गातच शोधावे असे आम्ही सुचवतो. आलेख कागदावर पेन्सिलीने फिकट शब्द लिहा. ज्या ज्या चौकोनातून रेघ जाते, तो पूर्ण काळा करा. 'कमळ', 'गुरुजी', 'त्र्यंबक' असे सोप्याकडून अवघडाकडे जा आणि अक्षरे लहान लहान करत न्या. एका गटाने शब्द तयार करावेत, दुसऱ्याने लांबून वाचावेत. रोज दहा मिनिटे, असे पंधरा दिवस करून बरोबर आलेल्या शब्दांची नोंद ठेवा. शब्द मात्र रोज नवे हवेत. जुनेच दिले, तर वाचनाऐवजी पाठांतर मोजले जाईल.

पहिल्या दिवशी 'काहीच कळत नाही' म्हणणारे मूल पंधराव्या दिवशी वाचू लागले, तर त्याचे डोळे सुधारलेले नसतात. पहिलीतल्या मुलांना वाचनाला वेळ का द्यावा लागतो, हेही त्या नोंदींवरून उमगेल.