ताडना झाली, पुढे काय?

लेखमाला : इब्री लोकांस पत्र, लेखांक 23

अकरावा अध्याय मागच्या आठवड्यात संपला. बाराव्यात शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हे पत्र ज्यांच्या हाती पडले ती माणसे थकलेली होती. त्यांच्यातले काही कैदेत पडले होते, काहींची मालमत्ता लुटली गेली होती. दहाव्या अध्यायाच्या शेवटी ते आले आहे. अशा मंडळीला लेखक नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची आठवण देतो आणि सांगतो, की जे सोसता आहात ते बापाची ताडना म्हणून सोसा; ती क्षुल्लक मानू नका आणि तिच्याने खचूही नका.

ही लूट त्यांच्या पापामुळे झाली, असे पत्रात कुठेही नाही. लुटणारे दुसरेच होते आणि त्यांचा अपराध त्यांच्याच माथी आहे. तरी त्याच लुटीतून देव आपल्या लेकरांना वळण लावतो, असे लेखक म्हणतो. म्हणजे ताडना ही दर वेळी गुन्ह्याची सजा नसते. हे नीट धरले नाही तर पुढचा सारा अध्याय उलटा वाचला जातो, आणि आपल्या मंडळ्यांत तो सर्रास उलटा वाचला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वलगावसारख्या गावात पाहा. ऐन वेचणीत अवकाळी पाऊस येतो आणि फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडतो. किंवा तरणा पोरगा परतवाडा रोडवर गाडीवरून पडतो. घरातली बाई विचारते, "देवानं आमालेच काहून मारलं?" उत्तर तिथे बसलेल्या कुणापाशीच नसते. पण घराबाहेर पडल्यावर दोघे-तिघे हळूच बोलतात, "काहीतरी केलं असन यायनं, त्याबिगर होते का?"

ईयोबाचे मित्र हेच बोलले होते. ते आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले. त्यांच्या हातून झालेले चांगले काम तेवढेच. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती हा हिशेब येशूने साफ मोडून काढला (लूक 13). जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी पाप कुणाचे असे विचारले, तेव्हाही तेच (योहान 9). ताडना ज्याची त्याने देवासमोर ओळखायची असते. शेजाऱ्याची ताडना वाचून दाखवायचे काम आपल्याला कुणी दिलेले नाही.

या हिशेबाची मोठी किंमत आपल्याच भागात कुष्ठरुग्णांनी मोजली. वलगाववरून परतवाड्याकडे गेले की अचलपूरच्या बाजूला कोठारा आहे. तिथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. इकडे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभे केले. रोग म्हणजे पापाचे फळ, या समजुतीपायी घरच्यांनी टाकलेल्या माणसांना अशा ठिकाणी आसरा मिळाला. नॉर्वेच्या आर्मौर हॅन्सनने या रोगाचा जंतू 1873 मध्येच दाखवला होता. 1982 पासून बहुविध औषधोपचार आला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. समजूत मात्र जंतूपेक्षा चिवट निघाली.

याच रोगाच्या अभ्यासातून एका ख्रिस्ती डॉक्टराला जे उमगले, ते या अध्यायाच्या कामाचे आहे. पॉल ब्रँड हे तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले शल्यचिकित्सक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. नसा मरतात, दुखणे कळेनासे होते, आणि मग चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले जाते, चपलेतला खिळा दिवसभर पायात रुततो, जखम चिघळते. हात जातो तो दुखत नाही म्हणून जातो. दुखणे ही देवाची देणगी आहे, हे ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

पत्र ज्या दोन चुकांपासून सावध करते, त्यांतली पहिली इथे कळते. ताडना क्षुल्लक मानणे म्हणजे दुखत असताना काही दुखत नाही असे म्हणणे. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव उडवले, त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या वर्षी लागली. त्या पहिल्या रात्रीचे ऐकायला हवे होते. दावीदाला नाथानाने तोंडावर सांगितले तेव्हा राजा असून त्याने सबब पुढे केली नाही. मी पाप केले, एवढेच म्हणाला. ठाऊक असलेले पाप असेल तर तेवढेच करायचे असते : कबूल करायचे, सोडायचे, बहिणीचे नाव परत चढवायचे. आणि ठाऊक नसेल तर? तर उकरत बसू नये. देवाला दाखवायचे असेल तर तो दाखवतो.

दुसरी चूक खचून जाण्याची. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि बहीण गमावली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. उरली एक मुलगी, मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनचा पुढचा भार तीच उचलणार होती. 24 जुलै 1921 रोजी ती मिरजेत वारली. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या, कानाने जवळजवळ बहिऱ्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचे त्यांचे काम चालू होते, आणि ते छापत होत्या मुक्तीतल्याच मुली. मनोरमेनंतरही ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. त्या एकुलत्या मुलीच्या मृत्यूला ताडना म्हणायचे की आणखी काही, ते मी ठरवणार नाही. त्यांनी हातातले काम खाली ठेवले नाही, एवढे दिसते.

खचू नये याचा अर्थ रडू नये असा मात्र नाही. वलगावात पेढी नदीच्या पुलापाशी 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. 1923 मध्ये खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंदा याच्या मृत्यूची बातमी कळली होती, आणि कीर्तन चालूच राहिले. त्या धीरापुढे मान लवते. पण त्या मापाने प्रत्येक आईला मोजू नये. अकरावे वचन उघड कबूल करते, की ताडना होत असताना ती दुःखाचीच वाटते. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला.

आता बारावे आणि तेरावे वचन. सैल पडलेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा, आणि वाटा सरळ करा, म्हणजे लंगडे असेल ते आणखी न उखळता बरे होईल. हा सल्ला एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या मंडळीला आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबरची) चप्पल करतात. आत मऊ रबर, खाली टणक तळ, टाचेमागे पट्टा, आणि खिळा एकही नाही, कारण रुतलेला खिळा त्या पायाला कळणार नाही. ज्याला आपले दुखणे कळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच विचार केलेला असतो. मंडळीचे काम तेच. घाव बसलेल्या घरी उरलेला कापूस वेचायला माणसे लागतात, दवाखान्यात रात्री थांबायला कुणीतरी लागते, सोसायटीच्या कर्जाचे कागद घेऊन अमरावतीला सोबत जावे लागते. "काय केलं असन यायनं" हे विचारणाऱ्या दोघा-तिघांनी यातले एक जरी उचलले, तरी ते घर सावरायला मदत होईल.

आणि तरीही काही जण ताडनेतून गोड होऊन निघतात, काही कडू होऊन. कडूपणाचे मूळ कसे फुटते आणि पंधराव्या वचनानंतर लगेच एसाव का येतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.