पाठीतली सुई आणि तोंडावरचा मास्क

औरंगपुऱ्यातल्या मेडिकलवर सिझरच्या सामानाची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस बिलाचा आकडा बघतो. टाक्यांचा दोरा, हातमोजे, सलाईन यांतच पाठीत द्यायची सुई असते. घरी तिच्यावर एकच चर्चा: ‘आता जन्मभर कंबर धरणार.’ अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. भ्यायचंच तर सुईवाटे आत जाणाऱ्या जंतूंना भ्यावं, तेही बेतानं. असा संसर्ग फार क्वचित होतो.

आपण ‘पाठीतली सुई’ म्हणतो त्या दोन असतात. स्पायनलची बारीक सुई मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते, औषध सोडून बाहेर येते. एपिड्युरलची जाड सुई त्या पाण्याभोवतीच्या पडद्याच्या अलीकडेच थांबते आणि तिच्यातून सरकवलेली बारीक नळी काही तास, कधी दोन-तीन दिवस आत राहते. नळी जितकी राहील तितकी जंतूंना वाट मोकळी.

सुई एकदाच वापरायची, सीलबंद येते. पण पाकिटाचाही भरवसा साठवणुकीवर. 2005मध्ये कोलंबोत स्पायनल घेतलेल्या पाच सिझरच्या बायकांना बुरशीचा मेंदूज्वर झाला, तिघी दगावल्या. संशय गेला त्सुनामीनंतर दमट गोदामात पडून राहिलेल्या सिरिंजांवर. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरलेलं पाकीट दिसलं तर ते परत करायला लाजू नये.

2008-09मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क आणि ओहायोत पाच बाळंतिणींना मेंदूज्वर झाला, एक गेली. जंतू होता माणसाच्या तोंडात सुखानं नांदणारा. ओहायोतल्या दोघींना भूल देणारे डॉक्टर एकच, आणि त्यांनी मास्क लावला नव्हता. सुई टोचताना बोललं तरी थुंकीचे तुषार उडतात, म्हणून मास्क. बाकीचे जंतू पेशंटच्याच कातडीवरचे. त्यांच्यासाठी स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन लावून ते पूर्ण वाळू द्यायचं. ओलं औषध सुईबरोबर आत गेलं तर नसांनाच इजा होऊ शकते. या वाळण्याच्या वेळेत घाई कुणी करू नये, बाहेर नातेवाईक कितीही येरझारा घालोत.

मेंदूज्वर बहुधा दिवस-दोन दिवसांत कळतो: ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं. नळीच्या जागी आत गळू झालं तर ते कधी आठवड्यानं बोलतं. तोवर बाळंतीण फुलंब्रीला नाहीतर पैठणला माहेरी पोचलेली असते, शेक-मालीश सुरू असते. तापाबरोबर पाठ ठणकतेय, पायातली शक्ती जातेय, लघवी अडतेय, तर शेगडी बाजूला सारून त्याच रात्री गाडी काढावी. पाय लुळे पडायच्या आत एमआरआय झाला तर गळू काढायच्या ऑपरेशनचा उपयोग सर्वांत जास्त.