जिल्हा परिषदेच्या शाळेत सात दिवस

राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडच्या ‘एनएसएस’चे, विशेष शिबिर सात दिवसांचे असते. दत्तक घेतलेल्या गावात पन्नासेक मुलेमुली राहायला येतात आणि मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर समाजमंदिरात पडतो. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची शिबिरे बहुतेक हिवाळ्यात होतात. कळमेश्वर तालुक्यात हे दिवस कापूस वेचणीचे आणि संत्र्याच्या तोडीचे. दिवसा गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे एवढीच भेटतात. म्हणून सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र आणि गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम रात्री जेवणे झाल्यावर, असा क्रम लागतो. शिबिराचे यजमानपद कागदोपत्री ग्रामपंचायतीकडे असले, तरी प्रत्यक्षात ते मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडते.

विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवण्याची कल्पना या भागाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याचा आग्रह धरला, त्यातूनच पुढे ‘नई तालीम’ आली. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला तो सक्तीचा. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांना नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, असे सुचवले. खर्च आणि अंमलबजावणी या दोन्ही अडचणींपुढे ते बारगळले. मग इतर देशांतल्या योजना पाहून आलेल्या के. जी. सैयदैन यांनी ऐच्छिक सेवेचा मार्ग सुचवला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, असा तिचा हिशेब आहे.

शाळेत होणाऱ्या कामांची यादी ठरलेली असते: भिंती रंगवणे, आवार साफ करणे, झाडे लावणे, परसबाग, अंधश्रद्धा निर्मूलनाचे प्रयोग. यातले सर्वांत उपयोगाचे काम बहुधा सर्वांत कमी देखणे असते. शोषखड्डा हे त्याचे उदाहरण. हातपंप किंवा हात धुण्याच्या जागेजवळ सांडपाणी साचते, चिखल होतो, डास वाढतात. तिथे साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तळाशी मोठे दगड, त्यावर लहान गोटे, वर गिट्टी आणि वाळू भरतात. कळमेश्वरकडची काळी जमीन मात्र पाणी लवकर पीत नाही, ओली झाली की फुगून बसते. तेव्हा ठरलेल्या मापावर न थांबता मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. हे पुस्तकात वाचलेल्या मुलाला ठाऊक नसते, गावातल्या विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते. त्याला आदल्या दिवशी विचारले तर खड्डा चालतो. नाही विचारले तर पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो.

परदेशातल्या स्वयंसेवकांचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. स्विस अभियंता पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळच्या एका गावात १९२० साली पहिले आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवले. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही गावे उभी करायला आले. ब्रिटनमधल्या व्हीएसओ या संस्थेने १९५८ पासून नुकतीच शाळा संपवलेली मुले परदेशी धाडली, पुढे मात्र पदवीधर आणि हातात कसब असलेली माणसे निवडायला सुरुवात केली. अमेरिकेचे पीस कोअर १९६१ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये परतले. अलीकडे श्रीमंत देशांतली मुले पैसे भरून दोन आठवडे आफ्रिकेतल्या किंवा नेपाळमधल्या शाळेत ‘शिकवायला’ जातात. त्यावरचा आक्षेप रास्त आहे: अध्यापनाचे शिक्षण नसलेला पाहुणा येतो, मुलांना लळा लावतो आणि निघून जातो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एनएसएसची एक बाजू यापेक्षा बरी आहे. मुले त्याच जिल्ह्यातली असतात, भाषा येते, आणि गाव दत्तक असल्याने पुढच्या वर्षी परतायची सोय राहते. पण दत्तक गाव दरवर्षी बदलले, तर ही बाजूही उरत नाही. शिबिराचा मोठा लाभ विद्यार्थ्यालाच होतो. कुदळ धरणे, पन्नास जणांचा स्वयंपाक, ग्रामसभेत उभे राहून बोलणे, हे वर्गात शिकता येत नाही. ते मान्य करण्यात काही कमीपणा नाही. मात्र शाळेच्या वाट्याला काय आले, हे अहवालातल्या छायाचित्रांवरून ठरत नाही.

ते ठरवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शिबिराचे पत्र आले की समितीने बैठक बोलवावी, सात दिवसांत पुरे होईल असे एकच काम मागावे आणि ते पुढे कोण सांभाळणार, त्याचे नाव ठरावात लिहावे. रंग महाविद्यालय आणेलच. शोषखड्ड्यातला गाळ दरवर्षी पावसाळ्याआधी काढणारा माणूस गावानेच द्यायचा आहे.